शंभर टन दगडातले साडेतीन टन: तांबे-जस्ताच्या खाणींविषयी वाचकांचे प्रश्न

तांबे, शिसे आणि जस्ताच्या खाणी व प्रक्रिया-कारखान्यांविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. काही कुतूहलाची, काही धंद्याची, तर काही काळजीची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भूविज्ञान, खाणकाम आणि खनिजप्रक्रिया या तिन्ही शाखांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न: विहिरीचे काम चालू असताना साठ फुटांखाली काळ्या खडकात हिरवा थर आणि हिरवट काचेसारखे स्फटिक निघाले. गावात तांब्याची खाण सापडल्याची चर्चा आहे. खरे-खोटे कसे करावे?
(एक शेतकरी, सावदा, ता. रावेर)

उत्तर: तुमच्या वर्णनावरून तांब्याची शक्यता फार कमी वाटते. तुमच्याकडचा काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाणी झिरपून त्यांत खनिजे वाढली. पोकळीच्या भिंतीला चिकटलेला मातकट हिरवा थर बहुधा सेलॅडोनाइटचा असतो. त्याचा रंग लोहामुळे येतो, तांब्यामुळे नाही. हिरवट काचेसारखे स्फटिक ॲपोफिलाइटचे असू शकतात. त्यांना रंग देतो व्हॅनेडियम. सावद्याच्या दगडखाणींतले झिओलाइट आणि ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, तेव्हा चांगला अखंड स्फटिक हातोडीने फोडू नका.

घरच्या घरी खात्री करता येते. हिरवा भाग खरवडून खलबत्त्यात पीठ करा. चमचाभर पीठ काचेच्या भांड्यात घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका. ॲसिड सौम्य करताना ते पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये ओतायचे नाही. डोळ्यांना चष्मा हवा आणि काम उघड्यावर करा. फेस आला म्हणून हुरळून जाऊ नका. तांब्याचे मॅलाकाइट फसफसते तसेच पोकळ्यांतले साधे कॅल्साइटही फसफसते. अर्ध्या तासाने वरचे निवळ पाणी वेगळे काढून त्यात गंज घासून चकचकीत केलेला साधा लोखंडी खिळा बुडवा. गॅल्व्हनाइज्ड खिळा चालणार नाही. तांबे असेल तर दहा मिनिटांत खिळ्यावर लालसर तांब्याचा थर चढतो. थर चढला नाही तर चर्चा तिथेच थांबवा.

बेसाल्टमध्ये तांबे मुळीच नसते असे नाही. टनाला साधारण १०० ते २०० ग्रॅम असते. उघड्या खाणीला परवडायचे तर टनामागे किमान चार-पाच किलो लागते. पंचवीस ते पन्नास पटींनी एकवटण्याचे ते काम निसर्गाने बेसाल्टहून कितीतरी जुन्या खडकांत केले आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले मलाजखंड, राजस्थानातले खेत्री आणि जस्त-शिशाचे रामपुरा आगुचा, आपल्या राज्यात चंद्रपूरकडचे ठाणेवासना आणि नागपूर जिल्ह्यातले जस्ताचे कोलारी हे साठे सगळे तसल्या खडकांतले. खान्देशात तो जुना खडक बेसाल्टच्या थरांखाली गाडलेला आहे आणि तापीकाठी त्यावर आणखी शेकडो फूट गाळ. वर १५० मीटर बेसाल्ट आणि खाली २० मीटर जाडीचे खनिज असेल, तर एक मीटर खनिजासाठी साडेसात मीटर दगड काढावा लागतो. त्यात खाणीच्या उतरत्या कडांचा दगड धरलेलाच नाही.

आणि खिळ्यावर तांबे चढलेच, तरी स्वतःच्या शेतातही ते खणून विकता येत नाही. तांबे, शिसे आणि जस्त ही १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालची प्रमुख खनिजे आहेत आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यांचे पट्टे लिलावाने दिले जातात. नमुना आणि जागेची नोंद घेऊन जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे जा.

प्रश्न: साठा सापडल्यापासून खाण सुरू होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे का लागतात? ड्रिलिंगमध्ये नेमके काय चुकते?
(प्राध्यापक, चाळीसगाव)

उत्तर: वेळ खणण्यात जात नाही, खात्री करण्यात जातो. आपल्याकडे शोधाचे चार टप्पे मानतात: जी-४ म्हणजे पाहणी, मग जी-३, जी-२ आणि सर्वांत सखोल जी-१. प्रत्येक टप्प्यात ड्रिलची भोके जवळ-जवळ येत जातात आणि खर्च चढत जातो. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे, शिसे, जस्त यांसारख्या खोलवरच्या खनिजांसाठी शोध-परवाना आला. तो लिलावाने पाच वर्षांसाठी मिळतो.

ड्रिलमधून दगडाची कांडी निघते, तिला कोअर म्हणतात. एचक्यू मापाच्या कांडीचा व्यास ६३.५ मिलिमीटर असतो, एनक्यूचा ४७.६. कांडी लांबीत मधोमध कापतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते आणि अर्धी पेटीत कायम ठेवतात. ही उरलेली अर्धी फेकणारी कंपनी पुढे स्वतःचाच आकडा सिद्ध करू शकत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती कांडी अर्धवट निघाल्याने. खनिजाचा पट्टा बहुधा ठिसूळ आणि भेगाळ असतो. ड्रिलच्या पाण्याबरोबर त्यातला मऊ भाग वाहून जातो, आणि हातात येते ते कठीण, निकस दगड किंवा कधी उलटेच. तीन मीटर ड्रिल केले आणि कांडी सव्वादोन मीटर मिळाली, म्हणजे ७५ टक्के. खनिजाच्या पट्ट्यात ९० टक्क्यांखालची कांडी संशयितच धरावी.

दुसरी चूक घनतेची. साठ्याचे घनफळ गुणिले घनता म्हणजे टन. पायराइट (लोखंड-गंधकाचे खनिज) आणि गॅलेना (शिशाचे खनिज) भरलेला दगड ३.५ च्याही वर जातो, नुसता क्वार्ट्झ २.६५ असतो. सगळीकडे एकच सरासरी घनता लावली की भरघोस भागातले टन कमी आणि निकस भागातले टन जास्त मोजले जातात. कांडीचे तुकडे हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढायला काही मिनिटे लागतात, तरीही हे काम टाळलेले दिसते.

तिसरी काळजी प्रयोगशाळेची. दर वीस नमुन्यांमागे किमान एक प्रमाणित नमुना, एक कोरा आणि एक दुबार नमुना लपवून पाठवायचा. कोऱ्या दगडात तांबे निघाले तर दळणयंत्र नीट साफ होत नाही. अशी पूर्ण तुकडी परत तपासायची, नुसता तो एक आकडा खोडायचा नाही.

याच काळात दगड दळून, तरंगवून पाहण्याच्या चाचण्या व्हायला हव्यात. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि खनिजप्रक्रियेची प्रयोगशाळा दोन्ही नागपूरला आहेत. मात्र चाचणीचा नमुना साठ्याच्या सगळ्या भागांतला असावा. फक्त मधल्या भरघोस पट्ट्याचा नमुना नेला की कागदावर ९२ टक्के उतारा दिसतो आणि कारखान्यात ८० ला अडकतो.

प्रश्न: फ्लोटेशनमध्ये शिशाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये जस्त का येते? पुस्तकात कारण एका ओळीत आहे. प्रत्यक्षात कसे शोधायचे?
(धातुशास्त्र पदविकेचा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर: चांगला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लोटेशन म्हणजे दळलेल्या दगडातले हवे ते खनिज बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर काढणे, आणि असे वेगळे काढलेले भरघोस खनिज म्हणजे कॉन्सन्ट्रेट. आधी रचना पाहू. जॉ क्रशर, मग कोन क्रशर, मग बॉल मिल. मिलमधून निघालेला राडा, म्हणजे पाणी आणि दळलेला दगड यांचे मिश्रण, हायड्रोसायक्लोनमध्ये जातो. बारीक माल वरून निघून फ्लोटेशनकडे जातो आणि जाड माल खालून परत मिलमध्ये येतो. किती बारीक दळायचे यावर विजेचे बिल ठरते. बाँडच्या सूत्राने हिशेब करा. दगडाचा वर्क इंडेक्स (दळायला किती कठीण याचा आकडा) १४, मिलमध्ये येणारा ८० टक्के माल १० मिलिमीटरखाली आणि जाणारा १०० मायक्रॉनखाली असेल, तर टनाला १२.६ युनिट लागतात. १०० च्या ऐवजी ७५ मायक्रॉन केले की तोच आकडा १४.८ होतो. रोज हजार टन दळणाऱ्या कारखान्याला हा फरक दिवसाला सुमारे २,२०० युनिटांचा पडतो. तेवढे बारीक करून उतारा वाढणार नसेल तर ती वीज वाया गेली.

आता फ्लोटेशन. चुन्याने पीएच साधारण ८.५ ते ९.५ वर आणतात. जस्ताचे स्फॅलेराइट दाबून ठेवायला टनाला काहीशे ग्रॅम झिंक सल्फेट आणि ठिकाणाप्रमाणे २० ते ८० ग्रॅम सोडियम सायनाइड. मग शिशाचे गॅलेना बुडबुड्याला चिकटावे म्हणून झँथेट, टनाला ३० ते ६० ग्रॅम, आणि फेसासाठी एमआयबीसी. शिसे वर काढल्यावर उरलेल्या राड्याचा पीएच १०.५ ते ११ करून त्यात मोरचूद घालतात, टनाला ३०० ते ८०० ग्रॅम. तांब्याचे आयन स्फॅलेराइटच्या पृष्ठावर बसले की तेही झँथेट धरू लागते आणि जस्त तरंगते. फवारणीसाठी तुमच्याकडे मोरचूद आणि चुना एकत्र करतात, तीच दोन द्रव्ये इथे वेगळ्या कामाला येतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच मोरचुदात आहे. पहिला संशयित म्हणजे परत फिरवलेले पाणी. जस्ताच्या टप्प्याचे पाणी साठवून बॉल मिलला दिले की त्याच्यासोबत तांब्याचे आयन येतात आणि शिशाच्या टप्प्यातच स्फॅलेराइट जागे होते. मग झिंक सल्फेट दुप्पट केले तरी उपयोग होत नाही. शिशाचे पाणी शिशाला, जस्ताचे जस्ताला, अशा दोन टाक्या ठेवणे हा खरा इलाज. दुसरा संशयित दगडातच असतो. साठ्याच्या वरच्या, हवा लागलेल्या भागात तांब्याची दुय्यम खनिजे असली की आयन तिथूनच सुटतात. असा माल खाणीतच वेगळा ढीग करून थोडा-थोडा मिसळावा.

पण आधी रोग कोणता हे ठरवा. शिशाच्या कॉन्सन्ट्रेटचा नमुना चाळणीने आकारांत वेगळा करा आणि प्रत्येक आकारात जस्त किती ते काढा. जस्त ७५ मायक्रॉनच्या वरच्या जाड कणांत भरलेले असेल, तर ते गॅलेनाला चिकटलेले, न सुटलेले कण आहेत. रसायने बदलून काहीही होणार नाही, रफर (पहिल्या फेरीचे) कॉन्सन्ट्रेट पुन्हा दळून क्लीनरला (पुढच्या शुद्ध करण्याच्या फेरीला) द्या. जस्त १० ते ४० मायक्रॉनच्या सुट्या कणांत असेल तर ते जागे झालेले स्फॅलेराइट. पाणी, सायनाइड आणि पीएच तपासा. आणि अगदी १० मायक्रॉनखाली असेल तर फेसाच्या पाण्याबरोबर नुसते ओढले गेले आहे. तिथे फेसाचा थर खोल करा, हवा कमी करा, क्लीनरमध्ये राडा पातळ करा. हे तीन विकार फेसाकडे पाहून ओळखता येत नाहीत, चाळणी लागतेच.

गॅलेनाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. ते जड आणि ठिसूळ असते. पुरेसे बारीक झालेले गॅलेनाही जडपणामुळे सायक्लोनच्या खालच्या तोंडातून परत मिलमध्ये जाते आणि दळून-दळून चिखल होते. तसा चिखल तरंगत नाही. म्हणून सायक्लोनच्या खालच्या मालावर एक छोटा फ्लॅश सेल बसवतात आणि सुटलेले गॅलेना तिथेच उचलून घेतात.

पीएचच्या मीटरवर चुन्याचा थर चढतो. पाळीत एकदा तरी सौम्य ॲसिडने धुवून बफरने जुळवा. चुकीचा पीएच दाखवणारा मीटर, मीटर नसण्यापेक्षा वाईट, कारण चुन्याची झडप त्याच्याच आज्ञेवर चालते.

सुरक्षिततेचे दोन नियम कधीही मोडू नका. सायनाइडच्या द्रावणाचा पीएच टाकीत ११ च्या वरच हवा, कारण खाली घसरला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याच खोलीत ॲसिडचा ड्रम ठेवायचाच नाही. झँथेट ओलसर आणि गरम जागी राहिले की कुजून कार्बन डायसल्फाइड सोडते, ते पटकन पेट घेते. मे महिन्यात भुसावळसारख्या गावात पत्र्याच्या शेडखाली झँथेटचे ड्रम ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. सावली, खेळती हवा आणि कोरडा ओटा हवा. आधी आलेला ड्रम आधी वापरा.

प्रश्न: आम्ही एचडीपीई पाइप बनवतो, मुख्यतः शेतीसाठी. खाणीच्या कामाचा माल द्यायचा तर काय वेगळे लागेल?
(लघुउद्योजक, जळगाव एमआयडीसी)

उत्तर: टेलिंग्जच्या, म्हणजे खनिज काढून उरलेल्या दळलेल्या मालाच्या, लाइनला एचडीपीई सर्रास वापरतात. फरक तीन गोष्टींत आहे.

पहिला, दाब. पीई-१०० मालाचा एसडीआर-१७ (व्यास भिंतीच्या जाडीच्या १७ पट) पाइप २० अंशांना १० बारचा धरतात, एसडीआर-११ चा १६ बारचा. ४० अंशांना हाच दाब सुमारे ०.७४ पट धरावा लागतो, म्हणजे १० बारचा पाइप ७.४ बारचा राहतो. काळा पाइप उन्हात हवेपेक्षा बराच तापतो आणि खान्देशात मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते. शेतीच्या लाइनला ही घट धरली नाही तरी खपून जाते. राड्याच्या लाइनला पंप बंद-चालू होतानाचा दणका वेगळा असतो, तिथे खपत नाही.

दुसरा, लांबी. मीटरला प्रत्येक अंशामागे सुमारे ०.२ मिलिमीटर पाइप वाढतो. सकाळ-दुपारच्या २० अंशांच्या फरकाने १०० मीटरची लाइन ४० सेंटिमीटर लांब होते. ताठ क्लॅम्पमध्ये आवळली तर ती नागमोडी होते आणि वळणावरचा जोड फाटतो. मोकळे मार्गदर्शक आधार द्या, आणि ठरावीक अंतरावरच पक्का आधार.

तिसरा, झीज. राडा हळू गेला की वाळू तळाशी बसते आणि वेगाने गेला की तळ घासतो. पाइपचा व्यास, कणांचा आकार आणि घनता यांवरून बसण्याचा वेग काढून त्याच्या थोडे वर राहायचे. बहुतेक टेलिंग्ज लाइन सेकंदाला दीड ते अडीच मीटर या पट्ट्यात चालतात. तळच जास्त घासतो म्हणून फ्लँजचे जोड देऊन ठरावीक काळाने पाइप १२० अंशांत फिरवतात. एका पाइपला तीन तळ मिळतात. फ्लँजवर फिरवण्याच्या खुणा कारखान्यातूनच कोरून दिल्यात तर ग्राहक तुमचे नाव काढेल. वेल्डिंगचे मणी आतून घासून सपाट करा, नाहीतर झीज नेमकी तिथून सुरू होते.

प्रश्न: आमचा भाग डोंगराळ आहे. कुठे खाण येणार असे ऐकले की लोक घाबरतात. बाहेर कामाला गेलेली माणसे सांगतात की खाणीजवळचे ओढे लाल होतात. जनसुनावणीत आम्ही काय विचारायचे?
(ग्रामपंचायत सदस्य, धडगाव तालुका, जि. नंदुरबार)

उत्तर: ओढे लाल होतात हे खरे आहे आणि त्याचे कारण सांगता येते. हवा आणि पाणी लागले की दगडातल्या पायराइटपासून सल्फ्युरिक ॲसिड आणि लोह तयार होते. लोह ओढ्यात तांबूस गाळ होऊन बसते, आणि ॲसिडबरोबर तांबे, जस्त, कॅडमियम विरघळून येतात. एकदा सुरू झालेली ही क्रिया खाण बंद झाल्यावरही अनेक दशके थांबत नाही. म्हणून जे विचारायचे ते सुरुवातीलाच विचारा.

खाणीतून किती धातू निघेल हे कंपनी सांगेलच. तुम्ही काय मागे राहील ते विचारा. एक टक्का तांब्याचा दगड, २५ टक्क्यांचे कॉन्सन्ट्रेट आणि मागे ०.१ टक्का, असा हिशेब धरला तर १०० टनातून ३.६ टन कॉन्सन्ट्रेट निघते. ९६.४ टन दळलेली वाळू-माती इथेच राहते. रोज हजार टनांचा कारखाना वर्षाला ३३० दिवस चालला, तर दरवर्षी सुमारे सव्वादोन लाख घनमीटर टेलिंग्ज. पंधरा वर्षांत १५ मीटर उंचीच्या ढिगाला सुमारे २३ हेक्टर, म्हणजे छप्पन-सत्तावन्न एकर जमीन लागते. खाणीतला टाकाऊ दगड त्याहून वेगळा.

पहिला प्रश्न ॲसिडचा. टेलिंग्ज आणि टाकाऊ दगड यांत सल्फाइडचे गंधक किती आणि ॲसिड मारण्याची ताकद किती, या चाचणीचा तक्ता मागा. गंधकाची टक्केवारी गुणिले ३१.२५ केले की टनामागे किती किलो चुनखडी लागेल ते निघते. गंधक २ टक्के असेल तर ६२.५ किलो. दगडात स्वतःची ताकद ४० किलोची असेल तर गुणोत्तर ०.६४ आले, म्हणजे तो दगड ॲसिड करणार. गुणोत्तर २ ते ३ च्या वर असेल तर साधारण निर्धास्त. अहवालात चार-पाच नमुन्यांवर भागवलेले असेल तर ते मान्य करू नका. प्रत्येक प्रकारच्या दगडाचे वेगळे नमुने हवेत.

दुसरा प्रश्न बंधाऱ्याचा. तो कोणत्या पद्धतीने उंच करणार? आधीच्या ओल्या टेलिंग्जवरच पुढची भिंत चढवण्याची पद्धत स्वस्त पडते आणि सर्वांत धोक्याची. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथला असा बंधारा २५ जानेवारी २०१९ ला फुटला आणि २७० माणसे मेली. त्यानंतर २०२० मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक मानक आले. तुमच्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्या पाण्याला सांडवा किती मोठा, वरचा ओढा कुठून वळवणार, बंधारा फुटला तर राडा कोणत्या वस्तीपर्यंत किती मिनिटांत पोचेल, याचा नकाशा मागा. तो नकाशा वस्तीवर लावायला सांगा.

पाया कशावर आहे तेही पाहा. शहादा-तळोद्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. ओली असताना तिच्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून ‘नैसर्गिक अस्तर आहे’ असे कोणी सांगेल. भेगा पडलेल्या जमिनीवर ते खरे नाही, आणि बंधाऱ्याच्या वजनाखाली ती सरकते. काढून टाकणे किंवा नीट दाबून, ओलावा टिकवून वापरणे, यातले काय करणार ते लेखी हवे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. फ्लोटेशनमध्ये टनाला दोन टनांच्या आसपास पाणी फिरते, त्यातले बरेच परत येते आणि साधारण ५०० ते ८०० लिटर नवे लागते. हजार टनांच्या कारखान्याला रोज सहा लाख लिटर धरा. केळीच्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला २० लिटर मानले, तर हे पावणेसात हेक्टर केळीचे पाणी. पण विहिरी बहुतेक त्यामुळे आटत नाहीत. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की तो पाणी खेचतो. म्हणून काम सुरू होण्याआधी दोन वर्षे तरी मे आणि ऑक्टोबरमध्ये आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीची पातळी आणि पाण्यातले तांबे, जस्त, शिसे, सल्फेट मोजून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या. ही नोंद नसेल तर पुढे ‘आधीपासूनच असे होते’ या वाक्याला उत्तर देता येत नाही.

कायद्याचे थोडक्यात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. सुनावणीचे चित्रीकरण होते, त्यामुळे प्रश्न माइकवर विचारा आणि लेखीही द्या. तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे तिथे जमीन घेण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. खाण झालीच, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात लिलावातल्या खाणींकडून रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम जमा होते. ती बाधित गावांवर खर्च व्हायची आहे, तेव्हा बाधित गावांच्या यादीत नाव आहे का ते पहिल्याच वर्षी तपासा.

प्रश्न: कॉन्सन्ट्रेट विकताना भाव कसा ठरतो?
(सनदी लेखापाल, धुळे)

उत्तर: धातूच्या जागतिक भावातून वितळवणीचा खर्च वजा होतो. कोरडे एक टन, २५ टक्के तांबे. बहुतेक करारांत असलेल्या तांब्याच्या ९६.५ टक्के किंवा टक्केवारीतून एक वजा, यातले जे कमी भरेल तेवढेच तांबे मोजतात. इथे २४ टक्के, म्हणजे २४० किलो, पाउंडात ५२९. तांबे टनाला ९,००० डॉलर मानले तर २,१६० डॉलर. त्यातून प्रक्रिया-आकार आणि शुद्धीकरण-आकार जातात. २०२४ च्या वार्षिक दराने ते कॉन्सन्ट्रेटच्या टनाला ८० डॉलर आणि पाउंडाला ८ सेंट होते, म्हणजे मिळून १२२ डॉलर. २०२५ साठी ते २१.२५ डॉलर आणि २.१२५ सेंटवर आले, मिळून साडेबत्तीस. धातूचा भाव तसूभर न हलता खाणीला टनामागे ९० डॉलर जास्त मिळाले, कारण जगात वितळवणाऱ्या भट्ट्या वाढल्या आणि खनिज अपुरे पडले.

मग आर्सेनिक, पारा, फ्लोरिन यांचा दंड आणि ओलावा. भाडे ओल्या वजनावर लागते, पैसे कोरड्यावर मिळतात. फिल्टर प्रेसचे कापड जुने झाले की ओलावा ८ वरून १२ टक्के होतो आणि तुम्ही पाणी वाहून नेता. आपल्याला जवळची मोठी तांबे-भट्टी भरूच जिल्ह्यातल्या दहेजची.

प्रश्न: ‘तांब्याच्या खाणीत पैसे गुंतवा’ अशी जाहिरात आली आहे. काय पाहावे?
(निवृत्त शिक्षक, शिरपूर)

उत्तर: खाणपट्ट्याचा आदेश, मंजूर खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरी या तिन्हींच्या प्रती मागा. साठ्याचा आकडा ‘रिझर्व्ह’ आहे की नुसता ‘रिसोर्स’ ते विचारा. रिसोर्समधला सगळा माल काढणे परवडतेच असे नाही. नुसत्या नमुना-दगडाचा तपासणी अहवाल दाखवत असतील तर त्याला शून्य किंमत द्या. हाताने निवडलेल्या एका दगडात ८ टक्के तांबे निघते, पूर्ण साठ्यात एक टक्काही नसते. कागद मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न: आयटीआय किंवा पदविकेनंतर धातूच्या खाणीत काम कसे मिळेल?
(दोन विद्यार्थी, पाचोरा)

उत्तर: खाणीच्या आत पर्यवेक्षणाचे काम करायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र लागते: मेट, ब्लास्टर, फोरमन आणि पुढे मॅनेजर. धातूच्या खाणींसाठी १९६१ च्या नियमांखालची परीक्षा द्यायची, कोळशाची नाही; अर्ज करताना इथे गल्लत होते. ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रमाणपत्र फक्त उघड्या खाणीला चालते. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणी आधीच करून ठेवा. पदवीसाठी नागपूरच्या व्हीएनआयटीत खाणकाम अभियांत्रिकी आहे.

फिटर, इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना प्रक्रिया-कारखान्यात जास्त जागा असतात. राड्याचे पंप, सायक्लोनची अस्तरे, पीएच मीटर आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारी यंत्रणा) यांवर हात बसलेला असेल तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा.

कामाला लागल्यावर धुळीचे मापन मागायला संकोचू नका. श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे, पण त्या धुळीत सिलिका जास्त असेल तर १५ ला सिलिकाच्या टक्केवारीने भागून जो आकडा येतो तो लागू होतो. १५ टक्के सिलिका असेल तर एक मिलिग्रॅम. सिलिकोसिस बरा होत नाही, त्यामुळे क्रशरच्या शेडमध्ये पाण्याचे फवारे बंद दिसले तर आधी ते सुरू करून घ्या, मग कामाला हात लावा.